दोन अकाउंट, दोन भाषा : खरी मी कोणती?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आले. इन्स्टाग्रामवर माझी दोन अकाउंट आहेत. एकावर कॉलेजची मुलं. तिथं मी इंग्रजीत लिहिते. दुसऱ्यावर शाळेच्या मैत्रिणी. तिथं 'काय करायलीस गं' असं आमचं बोलणं चालतं. हे दुसरं अकाउंट वर्गातल्या मुलीला आपोआप सुचवलं गेलं. तिनं स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकले, सगळे हसले. ते बंद करू का?

उत्तर : बंद करू नकोस. आजीशी आणि तोंडी परीक्षेला सरांशी आपण वेगळं बोलतो. त्यातलं एकही बोलणं खोटं नसतं. फोनवर मात्र आजी आणि सर एकाच खोलीत येऊन बसतात.

हे घडलं कसं, ते आधी पाहू. बहुतेक वेळा कारण असतं मोबाइल नंबर. वर्गमैत्रिणीनं आपली संपर्कयादी ॲपला दिली आणि तुझ्या अकाउंटला तोच नंबर जोडलेला असला, की ॲप जोडी लावतं. दुसऱ्या अकाउंटवरून नंबर काढून वेगळा ईमेल दे. अकाउंट्स सेंटरमध्ये 'अपलोड कॉन्टॅक्ट्स' बंद कर. मग ब्राउझरमधून 'एडिट प्रोफाइल' उघड आणि इतर प्रोफाइलवर तुझं अकाउंट सुचवण्याची परवानगी काढ. अकाउंट प्रायव्हेट कर. पण इथंच पुष्कळजण चुकतात. आधीचे फॉलोअर तसेच राहतात, ते एकेक करून काढावे लागतात. काढल्याची सूचना त्यांना जात नाही. आत राहिलेली व्यक्ती स्क्रीनशॉट घेऊ शकतेच, तेव्हा यादी छोटी ठेव.

आता मुख्य गोष्ट. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६मध्ये ओळख घडण्याच्या चार अवस्था मांडल्या. शोध चालू आहे, निर्णय व्हायचाय, ही त्यातली एक. तू तिथं आहेस, आणि तुझ्या वयाला ते अगदी रास्त आहे. शोध न घेताच दुसऱ्यांनी ठरवलेलं अंगीकारणं ही आणखी एक अवस्था. वर्ग हसला म्हणून अकाउंट बंद केलंस, तर तू तिकडे सरकशील.

सात दिवस वहीत एवढंच टिपून ठेव : लिहून पुसलेला शब्द, आणि पुसताना डोळ्यांसमोर आलेला माणूस. 'त्यांना कळणार नाही' म्हणून पुसलास तर ठीक. 'हसतील' म्हणून पुसलास तर त्या शब्दाभोवती खूण कर. नंतर पहिल्या अकाउंटच्या 'क्लोज फ्रेंड्स'मध्ये वर्गातली विश्वासाची तीन-चार माणसं घे. ही यादी इतरांना दिसत नाही. खूण केलेला एक शब्द त्यांच्यासाठीच्या स्टोरीत तुझ्या बोलीत, अर्थ न सांगता टाक. अर्थ विचारणारी मैत्रीण यादीत राहू दे.