कोरोनाचा विषाणू आपली पेशी कशी ओळखतो आणि तिच्यात कसा शिरतो?
कोविडच्या विषाणूवरील काट्यासारख्या स्पाइक प्रथिनाचे टोक नाका-घशातील पेशीवरच्या एसीई-२ या ग्राहीत (विषाणू ज्याला चिकटतो त्या प्रथिनात) नेमके बसते, आणि हीच त्याची ‘ओळख’ होय. बेळगावात पी.यू.सी.च्या मुलांना जीवशास्त्र शिकवताना मी कुलूप-किल्लीची उपमा देतो, पण ती येथेच अपुरी पडते. कारण चिकटल्यानंतर टीएमपीआरएसएस-२ हे आपल्याच पेशीचे विकर (एन्झाइम) स्पाइकला कापते, तेव्हा कुठे त्याचा आतला भाग उलगडून पेशीपटलात रुततो, विषाणूचे वेष्टन त्या पटलाशी एकजीव होते आणि आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, आत उतरतो. हे विकर नसल्यास पेशी विषाणूला पिशवीत गुंडाळून आत ओढते व तेथे कॅथेप्सिन हे दुसरे विकर कापण्याचे ते काम करते. मात्र सर्व कोरोना विषाणूंचा ग्राही एकच नसतो: मर्स या श्वसनरोगाचा विषाणू डीपीपी-४ या वेगळ्या ग्राहीला धरतो.