शोपँचे सोनाटे कानात बसत नाहीत: कुठून सुरुवात करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोलिश संगीतकार शोपँचे नॉक्टर्न (पियानोच्या छोट्या, गाण्यासारख्या रचना) आणि वॉल्ट्झ आवडीने ऐकता, पण त्याचा दुसरा आणि तिसरा सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना) तीन-तीनदा ऐकूनही हाती काही लागत नाही. चाल सापडते तोवर निसटते. दोष कानाचा की रचनेचा, आणि ऐकायचं तर कोणाचं?

कान ठीक आहे, सवय नॉक्टर्नची लागली आहे. नॉक्टर्नमध्ये एक चाल येते आणि तीच नटूनथटून पुन्हा पुन्हा भेटते, बंदिशीचा मुखडा भेटतो तशी. सोनाट्यात शोपँ हा भरवसा मोडतो, आणि तोही मुद्दाम. म्हणून ऐकताना एवढंच धरून ठेवा: काय परत आलं, आणि काय यायला हवं होतं पण आलं नाही. दुसरी अडचण षड्जाची. आपला कान तानपुऱ्याचा, एकदा लागलेला सा हलत नाही. इथे सा हलतो, आणि गोष्ट त्या हलण्यातच आहे. घरात पेटी असेल तर जवळ घेऊन बसा, खरंच उपयोग होतो.

दुसरा सोनाटा, ओपस (प्रकाशित रचनेचा क्रमांक) ३५, बी फ्लॅट मायनरमध्ये आहे, म्हणजे काळी पाचचा सा आणि गंधार कोमल. यातला फ्यूनरल मार्च, म्हणजे अंत्ययात्रेचं संगीत, १८३७ चा. बाकीचे भाग १८३९ मध्ये फ्रान्समधल्या नोआँला, त्याची जोडीदार लेखिका जॉर्ज साँडच्या घरी, पूर्ण झाले. पहिल्या भागाची सुरुवात चार संथ, जड बारांनी होते (बार म्हणजे ठेक्याचं एक छोटं आवर्तन). पहिली उडी पेटीवर वाजवून बघा: काळी एक, आणि तिथून खाली पांढरी तीन. काळी पाच सा धरला तर कोमल गंधारावरून थेट खालच्या तीव्र मध्यमावर. ही उडी कानात पक्की करा, पुढे लागणार आहे. पाचव्या बारापासून वेग दुप्पट होतो. डावा हात घोड्यासारखा दौडतो आणि उजव्या हातात तुटक, धापा टाकणारे स्वर येतात. हा पहिला विषय. थोड्या वेळाने सगळं शांत होऊन काळी एकच्या मेजरमध्ये (गंधार शुद्ध) रुंद, प्रार्थनेसारखी चाल येते, तो दुसरा विषय. नॉक्टर्नवाल्या कानाला इथे हायसं वाटतं.

मधल्या विस्तारात डाव्या हाताकडे लक्ष द्या. सुरुवातीची ती उडी खर्जात परत येते आणि तिच्यावर पहिल्या विषयाचे तुकडे आपटत राहतात. हे इतकं ताणलं जातं की त्यानंतर पहिला विषय पुन्हा मांडायला जागाच उरत नाही. नेहमीच्या सोनाट्यात इथे मुखडा परत यायचा. शोपँ तो गाळतो आणि थेट दुसरा विषय आणतो, पण आता काळी पाचच्या मेजरमध्ये: सा तोच, गंधार शुद्ध. ऐकणारे इथेच हरवतात, कारण ज्याची वाट बघत असतात ते येतच नाही. हे आधीच माहीत असलं तर हीच जागा सगळ्यात सुंदर लागते.

याच भागात एक जुना वाद आहे आणि तो कानाने पकडता येतो. सुरुवातीचा हिस्सा दुसऱ्यांदा वाजवायचा, तर मागे कुठपर्यंत जायचं? लायपझिगच्या पहिल्या छापील आवृत्तीत खूण पाचव्या बारापाशी आहे, पॅरिसच्या आवृत्तीत तिथे खूण नाही. पियानोवादक आणि लेखक चार्ल्स रोझन यांचं म्हणणं होतं की थेट पहिल्या बारावर जायला हवं, आणि मला ते पटतं. हा हिस्सा संपतो तेव्हा संगीत काळी एकच्या पंचमावर लटकलेलं असतं, आणि संथ बारांचा पहिला स्वर काळी एकच आहे. कडी जुळते. पाचव्या बारावर उडी मारली की दार तोंडावर आपटल्यासारखं वाटतं. पहिल्या दोनेक मिनिटांनी जड बार परत ऐकू आले तर तुमचा वादक रोझनच्या बाजूचा. काही जण पुनरावृत्तीच करत नाहीत, त्यात भाग लंगडा होतो.

दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे जलद स्केर्झोबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. काळी दोनच्या मायनरमध्ये ठोकलेले स्वर आणि सप्तकांच्या उड्या, मध्ये काळी तीनवर झुलणारा ट्रायो, म्हणजे मधला वेगळा, शांत तुकडा. हातांना मात्र हा भाग पहिल्याइतकाच जाच करतो.

तिसरा भाग, म्हणजे मार्च, सगळ्यांना माहीत असतो, म्हणूनच नीट ऐकला जात नाही. डावा हात सुरुवातीला बराच वेळ दोनच स्वरसमूहांमध्ये हेलपाटे घालतो आणि उजवा एकाच सा वर ठेका धरतो. चाल म्हणावी असं जवळजवळ काही नाहीच. ट्रायोची चाल अगदी साधी आहे आणि वादक घसरतात ते तिथेच: लय ओढून ओढून रडवी केली की मार्चची पावलं विसरली जातात. खालचा ठोका आणि ट्रायो एकाच यात्रेतले वाटले पाहिजेत. १८४९ मध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये खुद्द शोपँच्या अंत्यविधीला हाच मार्च वाद्यवृंदावर वाजला होता.

आता शेवटचा भाग, ज्याने तुम्हाला सगळ्यात जास्त छळलं असणार. ७५ बार, प्रत्येकात बारा स्वर, म्हणजे एका हाताचे सुमारे ९०० स्वर सव्वा ते दीड मिनिटात. दोन्ही हात एका सप्तकाच्या अंतराने तेच स्वर वाजवतात. साथ नाही, ठळक चाल नाही. सुरुवातीला दबक्या आवाजात आणि जोडून वाजवायची सूचना, आणि जोराची खूण थेट शेवटच्या बारात. संगीतकार आणि समीक्षक शूमानने १८४१ च्या परीक्षणात लिहिलं होतं की शोपँने आपली चार सर्वांत वेडी पोरं एकत्र बांधली आहेत, आणि हा भाग तर त्याला संगीतापेक्षा थट्टाच वाटला. शोपँने स्वतः एका पत्रात म्हटलंय की मार्चनंतर डावा हात उजव्याबरोबर एकसुरात गप्पा मारतो. तरी यात आकार आहे. ३९ व्या बारात, म्हणजे अर्धं अंतर ओलांडताच, सुरुवातीचा मजकूर परत येतो. वादन दीड मिनिटाचं असेल तर पंचेचाळिसाव्या सेकंदाच्या आसपास कान टवकारा. दोन-तीनदा ऐकलं की सापडतं. पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) जास्त पडलं तर ही जागा चिखलात जाते, अजिबात नसेल तर बोटांचा रियाझ ऐकल्यासारखं होतं.

तरीही सुरुवात यापासून करू नका. नॉक्टर्न आवडणाऱ्याने आधी तिसऱ्या सोनाट्याचा तिसरा भाग घ्यावा. ओपस ५८, बी मायनर, पांढरी सात, १८४४ मध्ये लिहिलेला. या संथ भागाची, लार्गोची, चार बारांची गर्जना ओलांडली की पुढे नॉक्टर्नच आहे. मधला पांढरी तीनचा भाग लांब आहे, त्यात चाल शोधू नका, नुसत्या तरंगणाऱ्या स्वरांवर सा कसा सरकतो ते ऐका. त्याच बैठकीत चौथा भाग लावा. आठ बार सप्तकांची चढण, मग सहा-आठच्या ठेक्यात धावणारा विषय. तो तीनदा येतो. पहिल्यांदा डाव्या हाताचे एका बारात सहा स्वर, दुसऱ्यांदा आठ, तिसऱ्यांदा बारा. वर उजव्या हाताचा मूळ ठेका सहाचाच, म्हणजे दुसऱ्या खेपेला तिनाला चार अशी आडलय. मुखडा तोच, खालचं पाणी वाढत जातं. सूचना आहे ‘प्रेस्तो नॉन तान्तो’, जलद पण फार नको. ती धुडकावून जो सुरुवातीलाच सुसाट सुटतो त्याचा डावा हात तिसऱ्या खेपेला गिचमिड होतो. लय तिसऱ्या खेपेवरून ठरवून मग पहिला स्वर लावायचा असतो.

मग तिसऱ्याचा पहिला भाग ऐका. तिथेही मुख्य विषय परत येत नाही, पांढरी दोनवर भेटलेली दुसरी चाल पांढरी सातच्या मेजरमध्ये येते. युक्ती तीच, पण चाल इतकी गोड की गाळलेलं खटकत नाही. यानंतर दुसरा सोनाटा घेतला तर तुमची अडचण निम्मी झालेली असेल.

वादन कोणाचं? तिसऱ्यासाठी दिनू लिपाती, १९४७ चं: आवाज जुना, पण प्रत्येक पदर वेगळा ऐकू येतो. दुसऱ्यासाठी आधी आर्थर रुबिनस्टाइन, सरळ आणि अंगावर न येणारं. ते मुरल्यावर रखमानिनॉफचं १९३० चं ऐका. शोपँने मार्च पहिल्यासारखाच परत आणलाय, रखमानिनॉफ मात्र ट्रायोनंतर तो पूर्ण जोरात सुरू करून दूर विरत नेतो, जणू मिरवणूक आपल्याला ओलांडून गेली. कागदावर असं लिहिलेलं नाही, म्हणून पहिलं ऐकणं यावर करू नये. मार्ता आर्गेरिच यांचं वादन या दोघांनंतर. जबरदस्त आहे, पण वेगामुळे नवख्याला जागा सापडत नाहीत.

स्वरलिपी आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळते. वाचता येत नसली तरी बार मोजत बोट फिरवा, ३९ वा बार तसाच सापडेल. पहिला सोनाटा, ओपस ४, विद्यार्थिदशेतला, १८२८ च्या सुमाराचा. त्याचा तिसरा भाग पाचाच्या मात्रेत आहे, तेवढ्यासाठी कधीतरी ऐका. घाई नाही.