व्हाइटनरखालचं नाव

मुलाला घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका आईंनी पर्समधून फाइल काढली, फाइलमधून एक प्रमाणपत्र काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. "मॅडम, हे नीट बघा."

चित्रकला स्पर्धा, दुसरा क्रमांक. नावाच्या जागी व्हाइटनरचा जाड थर, वाळून तडे गेलेला. त्यावर पेन दाबून, चौथीतल्या मुलाच्या अक्षरात, त्याने स्वतःचं नाव लिहिलेलं. कागद खिडकीकडे धरला की खाली त्याच्या बहिणीचं नाव दिसत होतं.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नावंही घेत नाही, धाकटा आणि थोरली एवढंच म्हणते. धाकटा चौथीत, थोरली सातवीत, दोघांची शाळा एकच. शाळेत शिरल्या शिरल्या एक मोठा फळा आहे. हस्ताक्षर, पाठांतर, गणित, धावणं, प्रकल्प अशा सगळ्या बक्षिसांची नावं दर महिन्याला तिथे लागतात. थोरलीचं नाव पहिलीपासून लागत आलंय. धाकट्याचं चार वर्षांत एकदाही नाही.

"खोटं बोलायला लागलाय, हे एक," आई म्हणाल्या. मग आवाज उतरला. "आणि दुसरं... हा मागे पडतोय का हो? हिच्या वेळी कधी काही करावं लागलं नाही. यालाच का काही मिळत नाही?"

हा दुसरा प्रश्न माझ्याकडे फार येतो. बक्षीस समारंभ झाला की पुढचे आठ-दहा दिवस तर हमखास. विचारणारे आईवडील बक्षिसाला हपापलेले असतात असं मला कधीच वाटलेलं नाही. आपल्या मुलाचं नाव पुकारलं जात नाही, तेव्हा टाळ्या वाजवणारे हात जड होतात. ते दुखणं खरं असतं.

अशा वेळी मी आधी एक खात्री करून घेते, मुलाचं खरंच कुठे अडतंय का याची. डोळे आणि कान तपासलेत का? वाचताना ओळ सुटते का, अक्षरांची अदलाबदल होते का, फळ्यावरचं उतरवून घ्यायला फार वेळ लागतो का, तोंडी सगळं येतं पण कागदावर उतरत नाही असं होतं का? यातलं काही चौथीपर्यंत टिकून असेल, तर बक्षिसांचा विषय बाजूला ठेवून आधी तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्यावी. शाळेचं नाव काढलं की पोट दुखणं, झोप उडणं असं दोन-तीन आठवडे चाललं तरी तज्ज्ञांकडे जायला थांबू नये. धाकट्याच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. तो स्वच्छ वाचत होता, वाचलेलं सांगत होता, गणितात मध्यम होता.

मग त्याला एकट्याला आत बोलावलं आणि म्हटलं, "तुझ्या दप्तरातली तुला सगळ्यात आवडणारी वही दाखव."

तो बराच वेळ दप्तरात बघत बसला. शेवटी एक पातळ वही काढली. वर्गात घेतलेल्या उपक्रमाची ती वही होती: पेल्यात ओला कापूस, त्यात घेवड्याची बी, आणि रोज काय दिसतं त्याची नोंद. 'दिवस 1' खाली पेल्याचं चित्र, पाण्याची पातळी निळ्या पेन्सिलीने रंगवलेली. 'दिवस 5' ला लिहिलं होतं, "सगळ्यांचे कोंब आले. माझा नाही. वास येतोय." 'दिवस 7' ला याने बी बाहेर काढून नखाने उघडली होती. पानभर चित्र होतं: दोन डाळिंब्या, आणि त्यांच्यामध्ये दुमडून बसलेलं इवलंसं पान, त्याच्या शिराही काढलेल्या. खाली एक ओळ: "आत रोप आहे. ते बुडालं." त्यानंतर लगेच, "दुसरी बी. पाणी कमी. कापूस फक्त ओला." आणि 'दिवस 11' ला पांढरं टोक बाहेर आलेलं.

बी रुजायला पाण्याइतकीच हवाही लागते. बी पाण्यात बुडून राहिली की तिला प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजते. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने आपण होऊन बी उघडली, चूक शोधली, पुन्हा करून बघितलं. पण वर्गात मोजमाप दहाव्या दिवशीच झालं होतं. सगळ्यात उंच तीन रोपांना बक्षीस मिळालं, नावं फळ्यावर लागली. याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईत एवढंच होतं: "रोप उगवले नाही."

मी विचारलं, "ही आईला दाखवलीस?"

"आईने बघितली. शेवटचं पान."

मी वही मिटली नाही. प्रत्येक दिवसाबद्दल विचारत गेले. बी उघडताना भीती वाटली का? पाणी जास्त झालं हे कशावरून वाटलं? अर्धा तास तो बोलत होता. निघताना प्रमाणपत्राचा विषय त्यानेच काढला. "आई ताईचे सगळे कागद भिंतीवर लावते. मला वाटलं, एक माझा पण लागेल."

आईंना मी सांगितलं, याला खोटारडा म्हणू नका. नाव खोडणं चुकलंच, ते त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, ताईची माफी मागू द्या आणि विषय तिथे संपवा. मुलं असं का करतात याचा थोडा अंदाज एका संशोधनातून येतो. कौतुकाचा मुलांवर काय परिणाम होतो हे बघायला मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग 1998 साली प्रसिद्ध झाले. कोडी सोडवून झाल्यावर काही मुलांना 'हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'मेहनत घेतलीस'. मग अवघड कोडी देऊन सगळ्यांनाच अपयश येऊ दिलं. पुढे दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांना आपले गुण लिहून कळवायला सांगितलं. हुशार म्हटलेल्यांपैकी 38 टक्के मुलांनी गुण वाढवून लिहिले, मेहनतीचं कौतुक झालेल्यांपैकी 13 टक्के. अशा प्रयोगांतले सगळेच निष्कर्ष पुढच्या संशोधकांना इतके ठळक मिळाले नाहीत, हेही खरं. तरी तो 38चा आकडा मला विसरता येत नाही. ज्यांना आपण कधी भेटणारही नाही, त्यांच्यापुढेही त्या मुलांना कमी दिसायचं नव्हतं. धाकट्याला तर रोज जेवताना समोर बसणाऱ्यांपुढे कमी दिसायचं नव्हतं.

त्याचं वयही तुलना सुरू होण्याचंच होतं. पहिलीतलं मूल शर्यतीत शेवटचं आलं तरी 'मी जोरात पळालो' म्हणून नाचत येतं. सात-आठ वर्षांच्या पुढे मूल स्वतःला इतरांशी ताडून बघायला लागतं. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येक स्पर्धेत तीन बक्षिसं असतील, तर सदतीस मुलं हात हलवत घरी जाणार, हे हिशेबातच आहे. त्या सदतीसांनी दिवसभर काय केलं हे बघायला घरी तरी कोणीतरी हवं.

थोरली बाहेर बसली होती. आई म्हणाल्या, "तिचं काही नाही हो, ती हुशार आहे." तरी मी तिच्याशी दहा मिनिटं बोलले, आणि बरं झालं बोलले. वर्गात नव्याने सुरू झालेल्या वादविवादात तिने नाव दिलं नव्हतं. का, तर "नंबर नाही आला तर?" चित्रकलेत एवढी बक्षिसं, पण स्पर्धेबाहेर शेवटचं चित्र कधी काढलं हे तिला आठवेना. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली बालवाडीतल्या, मुळातच चित्रांची आवड असणाऱ्या मुलांवर प्रयोग केला होता. 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र' असं ज्यांना आधी कबूल केलं, ती मुलं काही दिवसांनी मोकळ्या वेळात इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रं काढत होती. बक्षीस न मिळणाऱ्या मुलाची काळजी सगळे करतात. प्रत्येक वेळी मिळवणाऱ्या मुलाची कोणी करत नाही, आणि मला ती जास्त वाटते.

घरासाठी मी एकच गोष्ट सांगितली. दोघं घरी आली की 'काय मिळालं?', 'किती पडले?' विचारायचं नाही. 'आज काय केलंस, दाखव' म्हणायचं आणि वही पहिल्या पानापासून बघायची. पहिल्या आठवड्यात हे फसलं. आई प्रत्येक पानाला 'वा, किती छान' म्हणत सुटल्या आणि तिसऱ्या दिवशी धाकट्याने वही दप्तरातून काढलीच नाही. मुलांना उरकलेलं कौतुक लगेच ओळखू येतं. मग मी आईंना म्हटलं, छान म्हणूच नका. तुम्हाला जे खरंच कळलं नाही ते विचारा. "हे पान दुमडलेलं का असतं रे?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा तो पाऊण तास समजावत बसला.

वर्गशिक्षिकांनाही भेटले. त्या मनापासून काम करणाऱ्या बाई आहेत, चाळीस वह्या एका हाताने तपासतात. गुण आणि शेऱ्यांचा मुलांवर काय परिणाम होतो यावरचा संशोधक रूथ बटलर यांचा 1988चा अभ्यास मी त्यांना सांगितला. त्यात मुलांना फक्त गुण दिले किंवा गुण आणि शेरा दोन्ही दिले, तेव्हा पुढच्या कामात फारशी सुधारणा दिसली नाही. नुसता शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं. शेजारी गुण असले की बहुधा शेऱ्याकडे लक्षच जात नाही. बाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग धाकट्याची वही मागून घेतली. 'दिवस 7' च्या पानावर त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, "बी उघडून बघायचं तुला कसं सुचलं? वर्गाला सांगशील?" त्याने सांगितलं. पुढच्या उपक्रमात त्यांनी उंचीची बक्षिसं काढून टाकली आणि ज्यांची बी रुजली नाही त्यांचा एक गट केला, कारण शोधायला.

शाळेच्या दारातला फळा अजून आहे. धाकट्याचं नाव त्यावर अजूनही लागलेलं नाही. थोरलीने वादविवादात नाव दिलं, पहिल्याच फेरीत बाहेर पडली, घरी येऊन रडली आणि पुढच्या वेळी पुन्हा नाव दिलं.

त्या प्रमाणपत्राचं काय करायचं ते मी त्यांच्यावरच सोडलं होतं. शेवटच्या भेटीत आईंनी सांगितलं, धाकट्याने एका संध्याकाळी बसून नखाने व्हाइटनर खरवडला. थोरलीच्या नावातली दोन अक्षरं त्याबरोबर गेली आणि त्या जागी कागद पातळ झाला. तिने ती दोन अक्षरं स्वतः पुन्हा लिहिली आणि प्रमाणपत्र तिच्या फाइलमध्ये ठेवलं. भिंतीवर त्या जागी सध्या घेवड्याच्या बीचं चित्र आहे.