मे महिन्यात तारकर्लीला समुद्रात पोहायचं आहे, पण जेलीफिशची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की पुण्यात तलावात नियमित पोहता, बुद्धपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात बायको-मुलांसह तारकर्ली-देवबागला येताय, आणि कुणीतरी पाठवलेला जेलीफिशच्या डंखाचा व्हिडिओ पाहिल्यापासून पाण्यात उतरावं की नाही या विचारात आहात. व्हिनेगरची बाटली सोबत आणावी का, हेही विचारलंय.

मी मालवणचा. लहानपणापासून समुद्रात पोहतो, आणि सुट्टीत इथल्या मुलांना पोहायला शिकवतो. माझं सरळ उत्तर असं की जरूर उतरा, पण डंख बसला तर तिथल्या तिथे उभं राहता येईल अशाच जागी पोहा. आपल्या किनाऱ्यावर होणारे बहुतेक डंख आग करतात, वळ उठवतात आणि काही तासांत शांत होतात. जीवावर बेततं ते डंखानंतरच्या पहिल्या मिनिटात. पायाखाली जमीन नाही, मांडीवर अचानक चटका बसला, माणूस दचकला, श्वास घेताना तोंडात पाणी गेलं आणि नेमकी ओहोटी चालू असली, तर चांगला पोहणाराही घाबरून दमतो. म्हणून आमच्या मुलांना मी एकच शिस्त लावतो: छातीएवढ्या पाण्याच्या पलीकडे जायचं नाही, आणि पोहायचं ते किनाऱ्याला समांतर. तलावात पाचशे मीटर पोहता तेवढंच अंतर इथेही कापता येतं, फक्त किनारा कायम एका बाजूला ठेवायचा.

आता जेलीफिशबद्दल. तुम्ही व्हिडिओत पाहिलेला निळा फुगा बहुधा ब्लू बॉटल असावा. खरं तर तो जेलीफिश नाही, एकमेकांना चिकटून जगणाऱ्या अनेक छोट्या जीवांची ती वसाहत असते. वर हवेने भरलेला फुगा, खाली लांबच लांब निळे धागे. त्याला स्वतःहून पोहता येत नाही, वारा नेईल तिकडे तो जातो. म्हणून पश्चिमेचा वारा किनाऱ्याकडे सुटला की, म्हणजे मुख्यतः पावसाळ्यात, ते आपल्याकडे येऊन पडतात. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत जुहूला दीडशेच्या आसपास लोकांना डंख झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या याच जीवाच्या. मे महिन्यात तो दिसणारच नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याचा हंगाम तुमच्या सहलीनंतरचा आहे.

उन्हाळ्यात भेटतात ते खरे जेलीफिश. छत्रीच्या आकाराचे, पांढुरके, कधी तांबूस पट्ट्यांचे, काही बशीएवढे तर काही परातीएवढे. यातले काही जवळजवळ निरुपद्रवी असतात, काहींचा डंख चांगलाच जळजळतो. पाण्यात पाहून जात ओळखण्याच्या फंदात पडू नका. दिसला की लांब व्हा, एवढं पुरे. हे प्राणी छत्री आकसून थोडं पुढे सरकतात, पण प्रवाहाविरुद्ध जाऊ शकत नाहीत. त्यामुळे एक दिसला की आसपास बरेच असण्याची शक्यता असते.

पाण्यात उतरण्याआधी पाण्याच्या कडेने पाच मिनिटं चाला. भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्याच्या रेषेत काय पडलंय ते बघा. एखाददुसरा जेलीफिश पडलेला असेल तर सावध राहून पोहायला हरकत नाही. ठिकठिकाणी गोळे दिसले तर त्या दिवशी मुलांना वाळूत खेळू द्या. मात्र त्यांना बजावून ठेवा की किनाऱ्यावरच्या मेलेल्या जेलीफिशला हात लावायचा नाही आणि काडीने टोचून ती काडी एकमेकांच्या अंगावर उडवायची नाही. त्याच्या धाग्यांवर सूक्ष्म कुप्या असतात, हजारोंनी. प्रत्येक कुपीत विषारी धागा गुंडाळून ठेवलेला असतो, आणि कुपी उंदराच्या चापासारखी लावून ठेवलेली असते. चाप सुटायला प्राणी जिवंत असावा लागत नाही. स्पर्श झाला की सेकंदाच्या लाखाव्या हिश्शापेक्षाही कमी वेळात धागा कातडीत घुसतो. तुटून पाण्यात तरंगणारे तुकडेही असाच डंख करतात. कधी पोहताना काहीच दिसत नाही पण अंगभर बारीक चटके बसतात, त्यामागे अनेकदा हेच तुकडे किंवा जेलीफिशची पिल्लं असतात. ही पिल्लं पोहण्याच्या कपड्याखाली अडकली तर पुरळ नेमकं कपड्याखालीच उठतं. अशा वेळी आधी कपडे काढायचे आणि मग अंघोळ करायची. कपड्यांसकट गोड्या पाण्याच्या नळाखाली उभं राहिलं तर राहिलेल्या कुप्याही सुटतात.

हे गोड्या पाण्याचं नीट लक्षात ठेवा, कारण डंख झाला की प्रत्येक जण हीच चूक करतो. आग होतेय म्हणून बिसलेरीची बाटली ओततात. न सुटलेल्या कुप्यांना गोडं पाणी लागलं की त्या फुटतात आणि आग वाढते. वाळूने घासणं, टॉवेलने खसखसून पुसणं, दारू लावणं, लघवी करणं, यातलं काहीही करायचं नाही. लघवीचं खूळ कुठून आलं देव जाणे, पण मोठी शिकलेली माणसंसुद्धा ते सुचवतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

करायचं ते असं. शांतपणे पाण्याबाहेर या. समुद्राच्याच पाण्याने जागा धुवा, चोळू नका. कातडीला चिकटलेले धागे चिमट्याने उचलून काढा. चिमटा नसेल तर हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून काढा. त्यानंतर गरम पाणी. साधारण ४५ अंश, म्हणजे सहन होईल इतकंच गरम, वीस मिनिटं ते अर्धा तास. हात किंवा पाय असेल तर बादलीत बुडवून ठेवा, पाठ-पोट असेल तर गरम पाण्यात बुडवलेला पंचा ठेवून बदलत राहा. विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात. ऑस्ट्रेलियात ब्लू बॉटलच्या डंखांवर झालेली एक चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ४५ अंशांच्या पाण्याने वीस मिनिटांत ८७ टक्के लोकांच्या वेदना कमी झाल्या, बर्फाच्या पिशवीने फक्त ३३ टक्के लोकांच्या. पाणी किती गरम आहे ते डंख न झालेल्या हाताने आणि मोठ्या माणसाने तपासायचं. डंखाच्या वेदनेत पोळलेलं कळत नाही, आणि लहान मुलांची कातडी नाजूक असते.

तेव्हा तुमच्या व्हिनेगरच्या प्रश्नाचं उत्तर: त्याऐवजी मोठा थर्मास आणा. व्हिनेगर काही जातींच्या कुप्या बंद पाडतं, तर काही जातींच्या उलट सोडवतं. ब्लू बॉटलसाठी ऑस्ट्रेलियात ते न वापरण्याचाच सल्ला देतात. जात ओळखता येत नसताना ते ओतणं मला पटत नाही. गरम पाणी मात्र यातल्या बहुतेक डंखांवर चालतं, आणि देवबागात घरगुती मुक्कामाला असाल तर घरच्या काकू पाच मिनिटांत पाणी तापवून देतील.

श्वास लागणं, छातीत दुखणं, ओठ किंवा चेहरा सुजणं, उलट्या, चक्कर, अंगभर पसरलेला डंख, डोळ्याला लागलेला धागा, किंवा डंख झालेलं मूल अगदी लहान असणं, यातलं काहीही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढून मालवणचं ग्रामीण रुग्णालय गाठा. दमा असलेल्यांनी आणि आधी कधी जोरदार अॅलर्जी आलेल्यांनी जास्तच सावध राहावं.

पाकट, म्हणजे स्टिंग रे हा चपटा मासा, विसरू नका. सप्टेंबर २०१३ मध्ये गणेश विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर अनेक जण जखमी झाले, तेव्हा सुरुवातीला लोकांना जेलीफिशच वाटले होते, निघाले पाकट. हा मासा उथळ पाण्यात वाळूखाली पडून असतो. त्याच्या अंगावर पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. म्हणून पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत न्या. चाहूल लागली की तो स्वतःच निघून जातो. काटा लागलाच तर गरम पाणी इथेही उपयोगी पडतं, पण जखम खोल असते, काट्याचा तुकडा आत राहू शकतो, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. डॉक्टरांना दाखवायचंच.

आता ज्याची भीती तुम्ही प्रश्नात लिहिलीच नाही, त्या भरती-ओहोटीकडे येतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती बातमी मी आजही विसरू शकत नाही, आणि पुण्याहून कुणी समुद्राबद्दल विचारलं की मला आधी तीच आठवते. जेलीफिशचे व्हिडिओ फिरतात, ओढीचे, म्हणजे माणसाला किनाऱ्यापासून आत नेणाऱ्या प्रवाहाचे, फिरत नाहीत, कारण ओढ कॅमेऱ्यात दिसत नाही.

तुमच्या आठवड्याचा हिशोब करू. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. आमच्याकडे तेव्हा पूर्ण भरती दुपारी आणि रात्री अकरा-बाराच्या सुमारास येते. पुढे ती रोज अंदाजे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे पौर्णिमेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस सकाळी सात ते दहा पाणी चढतं असेल, वाराही पडलेला असेल. पोहायला हीच वेळ उत्तम. दुपारनंतर उधाणाची ओहोटी लागते आणि ती जोरात ओढते, तेव्हा पाण्याबाहेर राहा. सप्तमी-अष्टमीपर्यंत गणित उलटं होतं, सकाळी ओहोटी असते. पण तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असल्यामुळे ओढ बरीच कमी असते. तरी नेमकी वेळ रोज गावात विचारून घ्या. आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या लाटांचे इशारे देते, तेही बघत जा. इथे वारा नसतानाही दूरच्या वादळाने उठलेल्या मोठ्या लाटा मे महिन्यात कधीकधी किनाऱ्यावर येतात.

देवबागचा संगम बघायला जा, बोटीतून जा, पण तिथे पोहू नका. कर्ली नदीचं सगळं पाणी ओहोटीला त्या तोंडातून बाहेर पडतं. कोकणातल्या कुठल्याही खाडीच्या मुखाशी हेच होतं, मग ती बाणकोटची असो की दाभोळची.

उघड्या किनाऱ्यावर ओढीची जागा ओळखायला दहा मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघा. दोन्ही बाजूंना पांढरा फेस फुटतोय आणि मध्ये एका पट्ट्यात लाट फुटतच नाही, पाणी गडद किंवा गढूळ दिसतंय, फेस आत वाहत जातोय, तर ती ओढ. नवख्या माणसाला तोच भाग शांत वाटतो आणि तो मुलांना घेऊन नेमका तिथेच उतरतो. चुकून सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका. जोरातल्या ओढीपुढे स्पर्धेतला पोहणाराही टिकत नाही. पाठीवर तरंगा, हात वर करून हाक मारा. ओढ तुम्हाला खाली खेचत नाही, बाहेर नेते, आणि थोड्या अंतरावर सुटते. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या आणि फुटणाऱ्या लाटांसोबत परत या. दुसऱ्या कुणाला वाहून जाताना पाहिलं तर मागे उडी मारू नका. दोर, रिकामा कॅन, बोटवाल्यांचं लाइफ जॅकेट, जे तरंगेल ते फेका आणि जीवरक्षकाला बोलवा.

मे महिन्यात तारकर्लीला जेट स्की आणि बनाना राइडची गर्दी असते, आणि लाटांत पोहणाऱ्याचं काळं डोकं चालकाला दिसत नाही. भगवी किंवा पिवळी टोपी घाला, कमरेला बांधायचा तरंगता फुगा मिळाला तर आणाच. अंगभर लायक्राचा सूट घातलात तर ऊन आणि जेलीफिशचे धागे, दोन्हींपासून बचाव होतो. पोहणं निवांत हवं असेल तर मालवणच्या चिवला किनाऱ्यावर या. तिथे खडकांचा आडोसा आहे, पाणी त्या मानाने शांत असतं, आणि आमच्या सागरी जलतरण स्पर्धाही तिथेच होतात.

आणि सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढत असतील तर तिथे जाऊन उभे राहा. ओढायला हात लावलात तर आनंदाने घेतील. जाळ्यात जेलीफिश किती आले हे तुम्हाला तिथेच दिसेल. त्या दिवशीच्या पाण्याचा त्याहून चांगला अंदाज मला तरी माहीत नाही. फक्त जाळं झटकतात तेव्हा वारा ज्या बाजूला वाहतोय त्या बाजूला थांबू नका, आणि मुलांच्या पायात चपला असू द्या.