‘सांगितलं तर औषध बंद करतील’

कॅन्सरच्या रुग्णाची झोप उडायला कारणं ढीगभर असतात. मी समुपदेशक; म्हणून झोपेची तक्रार आली की आधी साधंच विचारते: डोक्यात विचार येतात म्हणून झोप लागत नाही, की आडवं झाल्यावर त्रास होतो म्हणून? शालिनीताई (नाव बदललं आहे) पहिल्या प्रश्नाला मान डोलावत होत्या, दुसऱ्याला गप्प झाल्या. शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, “हल्ली आईला दोन उशा लागतात.” ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं घरातलं गुपित फोडलं.

स्तनाचा कॅन्सर, हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला. ऑपरेशन झालेलं. केमोत आधी डॉक्सोरुबिसिन, ज्याला रुग्ण ‘लाल औषध’ म्हणतात, त्याच्या चार सायकल. मग हर-टूला अडवणारं औषध, ट्रास्टुझुमॅब, दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. या वेळची इकोची तारीख त्यांनी सर्दीचं निमित्त सांगून टाळली होती. मुलाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं तेव्हा बाकीचं कळलं. जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पावलांवर सूज येते. दोन उशांसकट ही सगळी हृदय थकल्याची लक्षणं असू शकतात.

“डॉक्टरांना सांगितलं तर औषध बंद करतील, मॅडम. बंद केलं की कॅन्सर परत येणार. नाही सांगितलं तर निदान कोर्स तरी पुरा होईल.”

हा हिशोब मी अनेकांच्या तोंडून ऐकते. ‘कॅन्सर बरा होईल, पण हृदय जाईल’ ही जी नेहमीची भीती आहे, तिचंच हे जास्त धोक्याचं रूप. नुसता घाबरलेला माणूस प्रश्न तरी विचारतो. असा हिशोब मांडलेला माणूस लपवतो.

अशा वेळी ‘काही होत नाही, काळजी करू नका’ असं मी म्हणत नाही. कारण काहीतरी होतं, आणि ते त्यांना ठाऊक असतं. लाल औषधाचा हृदयावरचा परिणाम डोसागणिक साचत जातो. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात, एकूण डोस दर चौरस मीटरला 400 मिलिग्रॅम झाला तेव्हा सुमारे 5 टक्के रुग्णांना हार्ट फेल्युअर झालेलं दिसलं. 550 ला ते 26 टक्क्यांवर गेलं. ताईंचा एकूण डोस 240 होता. ट्रास्टुझुमॅबची तऱ्हा निराळी. ज्या हर-टूला ते अडवतं, त्याचा हृदयाच्या पेशींना ताण सोसायला उपयोग होतो, म्हणून पंपिंग, म्हणजे हृदय प्रत्येक ठोक्याला आतल्या रक्तापैकी जितके टक्के बाहेर टाकतं ते, उतरू शकतं. पण इथे पेशी सहसा मरत नाहीत, आणि औषध थांबवलं की बहुतेकांचं पंपिंग सावरतं. लाल औषधानंतर हे औषध आलं की हृदयावर जास्त लक्ष ठेवायचं, ते या दोन्ही कारणांमुळे.

एवढं सगळं मी एका दमात सांगितलं नाही. त्यांना आकड्यांपेक्षा एकच गोष्ट कळायला हवी होती: लपवण्याची किंमत. मिलानच्या युरोपियन इन्स्टिट्यूट ऑफ ऑन्कॉलॉजीत डॉ. डॅनिएला कार्डिनाले यांच्या गटानं 2010 मध्ये 201 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांचं पंपिंग लाल औषधाच्या गटातल्या केमोमुळे उतरलेलं. केमो संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत हृदयाची औषधं सुरू झालेल्यांपैकी 64 टक्क्यांचं पंपिंग पूर्ववत झालं. सहा महिन्यांनंतर सुरू झाली त्यांच्यात पूर्ण सुधारणा एकाचीही नाही. औषधं तीच, फरक फक्त वेळेचा.

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “म्हणजे मी उशीर केला का?” त्यांचा त्रास जेमतेम पंधरवड्याचा होता. मी म्हटलं, “अजून नाही. पण आज घरी गेलात तर कराल.”

समुपदेशकाला विश्वासानं सांगितलेली गोष्ट परस्पर डॉक्टरांकडे न्यायची नसते. जिवाशी गाठ असली तरी आधी रुग्णाचीच संमती मागायची असते. “तुम्ही सांगता की मी सांगू?” असं विचारलं. “तुम्ही सांगा, पण मी समोर असताना,” त्या म्हणाल्या. त्याच दिवशी इको झाला. पंपिंग आधी 61 टक्के होतं, आता 44.

डॉक्टरांनी ट्रास्टुझुमॅब थांबवलं, पण ‘बंद’ हा शब्द वापरला नाही. हृदयाच्या गोळ्या सुरू करू, काही आठवड्यांनी पुन्हा इको, मग ठरवू, असं सांगितलं. कार्डिओलॉजिस्ट आणि कॅन्सरचे डॉक्टर एकाच टेबलाशी बसून हे ठरवत होते. पूर्वी ही दोन खाती एकमेकांकडे चिठ्ठ्या पाठवायची. 2022 मध्ये युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीनं या विषयावर स्वतंत्र, सविस्तर मार्गदर्शक सूचनाच काढल्या, एवढं हे क्षेत्र आता मोठं झालं आहे.

मुलगा मात्र भडकला होता. “हृदयाला धोका आहे हे माहीत होतं, तर या गोळ्या पहिल्या दिवसापासून का नाही दिल्या?”

प्रश्न अगदी रास्त, आणि संशोधकांनीही नेमका हाच विचारला आहे. उत्तरं मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. नॉर्वेतल्या ‘प्राडा’ चाचणीत कॅन्डेसार्टन ही रक्तदाबाची गोळी घेतलेल्यांचं पंपिंग थोडं कमी उतरलं, पण उपचारानंतर दीर्घकाळ पाहिलं तेव्हा तो फायदा उरला नव्हता. ब्राझीलमध्ये कार्व्हेडिलॉल ही हृदयाची गोळी देऊन पाहिली: हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा ट्रोपोनिन कमी वाढला, पंपिंगमध्ये फरक नाही. कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन तर बुचकळ्यात टाकते. लिंफोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) 300 रुग्णांच्या ‘स्टॉप-सीए’ चाचणीत (2023) पंपिंग लक्षणीय उतरलेले रुग्ण गोळी घेणाऱ्यांत 9 टक्के, न घेणाऱ्यांत 22 टक्के. त्याच्या आदल्याच वर्षी मुख्यतः स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेल्या ‘प्रिव्हेंट’ चाचणीत त्याच गोळीचा काही फायदा दिसला नव्हता. डोस आणि मूळचा धोका दोन्हीकडे सारखे नव्हते, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. म्हणून आज सरसकट सगळ्यांना गोळी देत नाहीत. ज्यांचा धोका मुळात जास्त, त्यांच्यासाठी विचार होतो. डेक्सरॅझोक्सेन नावाचं संरक्षक औषध आहे, तेही लाल औषधाचा डोस मोठा असणाऱ्यांसारख्या निवडक रुग्णांसाठी.

मुलाचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. ‘चाचणीत फायदा दिसला नाही’ हे वाक्य घाबरलेल्या नातेवाइकाला टाळाटाळीसारखंच वाटतं. माझ्या मते मात्र असे निकाल छापून येतात, हीच या संशोधनावर भरवसा ठेवण्याची मोठी जागा. रागाच्या भरात त्यानं आईला “तू सांगितलं का नाहीस?” असंही विचारलं, आणि पुढच्या दोन बैठका आमच्या त्यावरच गेल्या. त्याला इकोचा आकडा दिसत होता. आईला त्या आकड्याची भीती किती दिवस एकटीनं वागवावी लागली, ते दिसत नव्हतं.

काही आठवड्यांनी पंपिंग 53 झालं आणि ट्रास्टुझुमॅब पुन्हा सुरू झालं. ताई मात्र हिरमुसल्या. शंभरातले त्रेपन्न म्हणजे जेमतेम पास! हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की रिपोर्टवरच खुलासा छापायला हवा. निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही. साधारण 55 ते 70 टक्केच टाकतं. शिवाय साध्या इकोत एकाच माणसाचा आकडा दोन वेळा काही टक्क्यांनी मागेपुढे येऊ शकतो. म्हणून शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर तपासणी करावी, आणि 56 चे 54 झाले म्हणून रात्र जागवू नये. आता ‘स्ट्रेन’ नावाचं मोजमापही करतात. पंपिंगचा आकडा पडण्याआधीच स्नायूचा थकवा त्यात दिसू शकतो.

दुसरी अडचण घरच्यांच्या मायेची. यजमान त्यांना जिना चढू देईनात, पाण्याची बादली उचलू देईनात. हृदयाच्या डॉक्टरांनी मात्र चालायलाच सांगितलं होतं, बोलता येईल इतपत दम लागेल अशा बेतानं. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं, तंबाखूपासून दूर राहणं, यांचंही महत्त्व इथे नेहमीपेक्षा जास्त. ताईंनी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणलं होतं आणि रात्री तासातासाला बघत होत्या. ते मी बंद करायला सांगितलं नाही. त्याऐवजी सकाळचा वजनकाटा सुचवला. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, आडवं झाल्यावर खोकला किंवा दम आला, पावलं सुजली, तर त्याच दिवशी फोन. बाकी वेळ यंत्र कपाटात. आठवडाभरात त्यांनी ते स्वतःच मुलाच्या हवाली केलं.

कोर्स संपला तेव्हा त्यांनी विचारलं, “आता हृदयाची भानगड संपली ना?” संपली असं म्हणता येत नाही. पहिल्या वर्षात पुन्हा इको होतील. पुढेही काही काळ, कधी कधी बराच काळ, अधूनमधून लक्ष ठेवावं लागेल, आणि हृदयाच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता सोडायच्या नाहीत. डाव्या बाजूला रेडिएशन झालेल्यांना तर हे विशेष लागू. म्हणूनच हल्ली दीर्घ श्वास रोखून किरण देतात, म्हणजे हृदय किरणांच्या वाटेतून थोडं बाजूला सरकतं. ताईंच्या पर्समध्ये आता एक कार्ड असतं: लाल औषधाचा एकूण डोस 240, ट्रास्टुझुमॅब कधीपासून कधीपर्यंत, सगळ्यात कमी पंपिंग 44, शेवटचं 58. उद्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी दाखवायचं.