साउथपॉचा जॅब आणि 'दक्षिण' हात

एका वाचकाने विचारले आहे की, डावखुऱ्या बॉक्सरचा 'जॅब' हा ठोसा डाव्या हाताचा असतो की उजव्या, आणि अशा बॉक्सरला इंग्रजीत जे 'साउथपॉ' म्हणतात त्याचे 'दक्षिणपंजा' असे मराठी भाषांतर त्यांच्या वाचनात आले, ते चालेल का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: उजव्या. तरीही 'साउथपॉ म्हणजे डाव्या हाताने जॅब मारणारा' हे वाक्य मराठी समालोचनात इतक्या वेळा कानावर पडते की आता ते ऐकले की मला आवाज बंद करावासा वाटतो. आपला साउथपॉ बॉक्सर अमित पंघाल याची लढत चालू असते, त्याचा उजवा हात समोरच्याच्या चेहऱ्यावर जाऊन परत आलेला पडद्यावर स्पष्ट दिसतो आणि निवेदक मात्र 'डावा जॅब' म्हणून मोकळा होतो.

जॅब हे कोणत्याही एका हाताचे नाव नाही. जो हात पुढे असतो, त्याने सरळ रेषेत मारलेल्या झटपट ठोशाला जॅब म्हणतात. ज्याला ऑर्थोडॉक्स पवित्रा म्हणतात त्यात डावा पाय आणि डावा हात पुढे असतो, म्हणून जॅब डाव्या हाताचा होतो आणि उजवा हात मागे, जोरकस ठोशासाठी राखून ठेवलेला असतो. साउथपॉ पवित्र्यात हे सगळे उलटते. माझी भाची शिकायला जाते त्या हॉलमध्ये मी एकदा तासभर बसून होतो. ती डावखुरी आहे, म्हणून प्रशिक्षकांनी फरशीवर खडूने एक रेघ ओढून तिचा उजवा पाय रेघेच्या पुढे आणि डावा मागे ठेवायला लावला, आणि मग एकच हालचाल चाळीस-पन्नास वेळा करून घेतली: उजवी मूठ हनुवटीपासून निघते, हात पुरता लांबण्याच्या शेवटच्या क्षणी तळवा जमिनीकडे वळतो, खांदा वर येऊन हनुवटी झाकतो आणि मूठ गेली त्याच वाटेने परत येते. एवढ्या वेळात तिचा डावा हात गालाजवळून हलला नाही.

याहून मोठी गफलत 'साउथपॉ' आणि 'डावखुरा' हे समानार्थी शब्द मानण्यात आहे. साउथपॉ हे बॉक्सिंगमध्ये उभे राहण्याच्या पद्धतीचे नाव आहे. व्हासिल लोमाचेन्को उजव्या हाताचा असूनही साउथपॉ पवित्र्यात लढला, तर 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा ऑस्कर डे ला होया जन्मतः डावखुरा असून ऑर्थोडॉक्स पवित्र्यात लढला. त्याचा जॅब आणि डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, एवढे धारदार होते याचे कारण त्याचा बळकट हातच पुढे होता, हे आहे. तेव्हा प्रश्नातच दुरुस्ती करून तो 'साउथपॉ पवित्र्यातल्या बॉक्सरचा जॅब' असा विचारायला हवा.

आता ज्या शब्दासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो, त्याकडे येतो. 'साउथपॉ' म्हणजे शब्दशः 'दक्षिणेकडचा पंजा'. याची व्युत्पत्ती म्हणून जो तो बेसबॉलची गोष्ट सांगतो: दुपारचे ऊन फलंदाजाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मैदान असे आखत की फलंदाजाचे तोंड पूर्वेकडे आणि चेंडू टाकणाऱ्याचे पश्चिमेकडे राही, त्यामुळे चेंडू टाकणाऱ्याचा डावा हात दक्षिणेला येई. मैदानांच्या आखणीबद्दलची ही माहिती खरी आहे. तिच्यातून काढलेली व्युत्पत्ती मात्र टिकत नाही. 1848 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवरच्या एका व्यंगचित्रात मार खाल्लेला इसम प्रतिस्पर्ध्याच्या 'साउथ पॉ'च्या नावाने शिव्याशाप देताना दाखवला आहे, आणि बेसबॉलची नॅशनल लीग स्थापन झाली ती 1876 मध्ये. जो शब्द ठोशाच्या संदर्भात आधीच छापला गेला होता, त्याचा जन्म नंतरच्या मैदानांवर झाला असे सांगणाऱ्यांनी निदान सनावळी तरी ताडून पाहायला हवी होती. गोष्ट सुबक आहे एवढ्यावर ती कोशांतून आणि क्रीडालेखांतून अजून पुढे चालवली जाते, याचे मला वाईट वाटते.

मला खरा आनंद होतो तो या शब्दाशेजारी आपला 'दक्षिण' ठेवून पाहताना. संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवा, आणि दक्षिण म्हणजे ती दिशाही. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहावे: समोर येते ती पूर्व, म्हणजे पुढची, पाठीमागे राहते ती पश्चिम, म्हणजे मागची, आणि उजव्या हाताला येते ती दक्षिण. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतो म्हणून प्रदक्षिणा. 'दख्खन'ही याच शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप आहे, म्हणजे ज्या पठारावर आपण राहतो त्याच्या नावातच उजवा हात आहे. ही केवळ आपल्याकडची कल्पना नाही. आयरिश भाषेत 'उजवा' आणि 'दक्षिण' या दोन्हींसाठी 'देस' हा एकच शब्द आहे आणि तो आपल्या 'दक्षिण'चाच दूरचा भाऊ आहे. अरबीत उजव्या हाताला 'यमीन' म्हणतात आणि 'यमन' हे देशनाव त्याच धातूचे आहे. सूर्याकडे तोंड करणाऱ्या या सगळ्यांच्या मते दक्षिणेचा हात उजवा आहे, आणि अमेरिकी इंग्रजीत मात्र तो डावा झाला. महाभारताच्या विराटपर्वात राजपुत्र उत्तराला आपली नावे समजावून सांगताना अर्जुन 'उभौ मे दक्षिणौ पाणी' असे म्हणतो: गांडीव ओढताना माझे दोन्ही हात उजवे आहेत, म्हणून मला सव्यसाची म्हणतात. तिथे 'दक्षिण'चा अर्थ 'साउथ' लावून पाहावा, म्हणजे दोन भाषांतले हे अंतर किती आहे ते कळते.

असे का झाले, याबद्दल माझे एक मत आहे आणि ते मी मत म्हणूनच मांडतो. ज्या काळात हा शब्द रूढ झाला, त्या काळात दिशा सूर्यावरून नव्हे, तर भिंतीवर टांगलेल्या नकाशावरून ओळखल्या जात होत्या. नकाशात उत्तर वर असते आणि दक्षिण खाली, त्यामुळे 'साउथ' म्हणजे खालचा, दुय्यम मानलेला हात असा अर्थ सहज बसतो, आणि त्यासाठी ना बेसबॉलचे मैदान लागते ना दुपारचे ऊन. ही कल्पना आपल्यालाही परकी वाटू नये. 'उत्तर' या शब्दाचा मूळ अर्थ 'अधिक वरचा' असाच आहे. अंगावरच्या वरच्या वस्त्राला उत्तरीय म्हणतात ते त्यामुळेच. उत्तर वर मानली की दक्षिण खाली येणारच.

'पॉ' या उत्तरार्धाला मराठीत सुंदर जोड सापडते. 'डावखुरा' या शब्दाची फोड मी 'डावा' आणि 'खूर' अशी करतो, म्हणजे माणसाच्या डाव्या हाताला इंग्रजीने जनावराचा पंजा दिला आणि मराठीने खूर. 'डावखोरा' असेही रूप आढळते, त्यावरून काही जण यात 'भांडखोर', 'लाचखोर' यांतला फारसी 'खोर' शोधतात. ते मला मुळीच पटत नाही. तो प्रत्यय खोडीला, सवयीला किंवा व्यसनाला लागतो; बाजूला लागल्याचे दुसरे उदाहरण त्यांनी दाखवावे. 'उजवखोर' कोणी म्हणत नाही.

'दक्षिणपंजा' हे भाषांतर म्हणूनच चालणार नाही. मराठी वाचक 'दक्षिण' वाचल्यावर उजवा हात समजेल, आणि साउथपॉच्या बाबतीत तो जॅबचा हात आहे, ज्याच्यावरून त्याला नाव मिळाले तो नव्हे. अर्थ नेमका उलटा होतो. पवित्र्यासाठी 'साउथपॉ' हाच शब्द ठेवावा; तो आता आपल्या कानांना ओळखीचा आहे. मराठीच हवे असेल तर 'उजवा पवित्रा' म्हणावे, कारण त्यात उजवा पाय आणि उजवा हात पुढे असतो. 'उजवा' हा शब्द तर संस्कृत 'ऋजु', प्राकृत 'उज्जु' या वाटेने आला आहे, म्हणजे मुळात सरळ. आणि जॅब हा सरळ ठोसाच असतो.

राहिला 'जॅब' हा शब्द. त्याला 'ठोसा' म्हणणे अपुरे आहे, कारण हुकही ठोसा आणि खालून वर हाणलेला अपरकटही ठोसा. 'गुद्दा' तर पाठीत बसतो. 'जॅब' हे 'जॉब' या जुन्या क्रियापदाचे स्कॉटलंडकडचे रूप आहे आणि त्याचा अर्थ टोचणे, चोच मारणे असा आहे. इंग्लंडमध्ये लशीच्या सुईलाही जॅबच म्हणतात, आणि आपणही लस टोचूनच घेतो. तेव्हा 'उजव्या हाताचा टोचा' असे लिहिले तर पंघालचा हात काय करतो आहे ते मराठी वाचकाला नेमके दिसेल.