आई-वडील दोघांनाही मधुमेह आहे आणि माझी साखर सीमारेषेवर आली आहे. चालणे आणि आहार यांनी तो टाळता येईल का?

बऱ्याच अंशी टाळता येतो, निदान लांबवता तरी येतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. भारतातील २००६ च्या अभ्यासात जीवनशैली बदलणाऱ्यांत ही घट २८.५ टक्के होती, आणि मला विशेष आश्वासक वाटते ते हे की त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते. चालताना स्नायू इन्सुलिनवर फारसे न विसंबताही साखर शोषून घेतात. म्हणून वजनाचा काटा हलत नाही या कारणाने चालणे कृपया सोडू नका. भात-पोळी थोडी कमी करून डाळ-उसळ वाढवा आणि एचबीए१सी ही गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी दरवर्षी करा.